लेखनक्षम तबकडीचा इतिहास : लेखनातील दोष आणि कोऱ्या तबकडीची पारख

१. विषयप्रवेश

बोलीभाषांच्या अभ्यासात ध्वनिमुद्रणाचे महत्त्व आज वादातीत आहे. अभ्यासकाने टिपून घेतलेले शब्द कितीही काटेकोर असले, तरी बोलणाऱ्याचा सूर, त्याचे मध्येच थांबणे, स्वरांचे लांबणे वा आखडणे ह्या गोष्टी कागदावर पूर्णपणे उतरत नाहीत. त्यांच्यासाठी मूळ ध्वनीकडेच पुन्हा जावे लागते. परंतु हा ध्वनी ज्या पदार्थावर साठविलेला असतो, त्या पदार्थाचा विचार आपल्याकडे क्वचितच झालेला आढळतो. हस्तलिखितांचा अभ्यासक कागद पाहतो, शाई पाहतो, अक्षराचे वळण पाहतो आणि मगच पाठाविषयी बोलतो. ध्वनिमुद्रणाचा अभ्यासक मात्र तबकडी यंत्रात घालतो आणि आवाज ऐकू लागतो. तबकडीकडे त्याचे लक्ष जाते ते ती वाचली जाईनाशी झाल्यावरच.

प्रस्तुत लेखकाचा अनुभव ह्याहून निराळा नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील काही गावांत २००४ साली केलेली ध्वनिमुद्रणे त्याने त्या काळच्या रीतीप्रमाणे सीडीवर उतरवून ठेवली होती. दिवसभराचे काम आटोपल्यावर रात्री घाईने, यंत्राला शक्य असलेल्या सर्वाधिक वेगाने, बाजारात स्वस्त मिळालेल्या कोऱ्या तबकड्यांवर हे काम उरकले जाई. बरोबर नेलेल्या संगणकात जागा थोडी असल्याने मूळ मुद्रणे पुसून टाकावी लागत. तेरा वर्षांनी त्या तबकड्या पुन्हा काढल्या, तेव्हा त्यांपैकी काही यंत्राने ओळखल्याच नाहीत. ज्या वृद्ध बाईंचे कथन त्यांपैकी एकीवर होते, त्या तोपर्यंत निवर्तल्या होत्या. त्यांचे शब्द वहीत आहेत. त्यांचा सूर मात्र कोठेही नाही.

हा दोष कोणाचा, यंत्राचा, तबकडीचा की लिहिणाऱ्याचा, असा प्रश्न तेव्हा मनात आला. त्याचे उत्तर शोधू गेल्यास लेखनक्षम तबकडीचा सबंध इतिहासच तपासावा लागतो असे दिसून आले. प्रस्तुत लेखात तो इतिहास थोडक्यात मांडून, लेखनात येणाऱ्या दोषांची कारणे आणि कोऱ्या तबकडीच्या निवडीची तत्त्वे त्यातून कशी निष्पन्न होतात हे दाखविण्याचा हेतू आहे.

२. ठशाची तबकडी आणि लेखनाची तबकडी

तबकडी दोन प्रकारची असते, हा भेद प्रथम लक्षात घेतला पाहिजे. एक प्रकार ठशाचा. ह्यात कारखान्यात धातूचा साचा करून त्यावरून हजारो प्रती काढल्या जातात. दुसरा प्रकार लेखनाचा. ह्यात कोरी तबकडी घेऊन तिच्यावर वापरणारा स्वतःच, त्याच वेळी, एकेक प्रत लिहितो. दोन्ही प्रकार बाह्यतः सारखे दिसतात आणि एकाच यंत्रावर चालतात. त्यामुळे त्यांचे आयुष्यही सारखेच असेल असा ग्रह सहजच होतो. वस्तुतः तसे नाही.

हा भेद सीडीच्या पूर्वीपासूनचा आहे. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाला जोडून १९१३ ते १९२९ ह्या काळात भारतातील अनेक भाषा व बोली यांचे नमुने ग्रामोफोनच्या तबकड्यांवर घेण्यात आले. ह्या तबकड्या ठशाच्या होत्या. साच्यात दाबून काढलेल्या लाखेच्या त्या प्रती शंभर वर्षांनीही ऐकता येतात, आणि त्यांची अंकीय रूपे शिकागो विद्यापीठाने अभ्यासकांना उपलब्ध करून दिली आहेत. लाख ठिसूळ असते, पडली तर फुटते. पण नुसती ठेवून दिल्याने तिच्यावरील खाचा बदलत नाहीत.

ह्याउलट १९३४ च्या सुमारास अमेरिका व फ्रान्स येथे जी तत्काळ मुद्रणाची तबकडी निघाली, तिची रचना निराळी होती. ॲल्युमिनियमच्या पातळ चकतीवर सेल्युलोज नायट्रेटचा मऊ लेप दिलेला असे आणि सुईने त्या लेपात सरळ खाच कोरली जाई. नभोवाणी केंद्रे आणि लोकगीतांचे संग्राहक यांना ही तबकडी वरदान वाटली, कारण मुद्रण झाल्याबरोबर ते ऐकता येई. दुसऱ्या महायुद्धात ॲल्युमिनियम दुर्मिळ झाल्यावर तिच्यासाठी काचेचाही उपयोग करण्यात आला. लेप मऊ राहावा म्हणून त्यात एरंडेल मिसळलेले असे. कालांतराने ते विघटित होऊन पृष्ठभागावर पांढरट मेणचट थर येऊ लागला. लेप आकसला, धातू आकसला नाही, आणि लेपाच्या खपल्या निघाल्या. जतनाच्या दृष्टीने अत्यंत धोक्यात असलेल्या ध्वनिसाधनांत आज ह्या तबकड्यांची गणना होते.

ह्यावरून एक सामान्य नियम मांडता येईल. जो पदार्थ सहज लिहून घेतो, तो सहज बदलतोही. सुईला कोरता यावा म्हणून लेप मऊ ठेवला आणि त्याच मऊपणाने त्याचा घात केला. लेखनक्षमता आणि चिरस्थायित्व ह्या दोन गुणांत मूलभूत विरोध आहे. सीडीच्या इतिहासात हाच विरोध नव्या रूपाने पुन्हा प्रकट झालेला दिसतो.

३. लेखनक्षम सीडीचा जन्म

फिलिप्स आणि सोनी ह्या कंपन्यांनी १९८० मध्ये सीडीचे प्रमाण निश्चित केले आणि ऑक्टोबर १९८२ मध्ये ती जपानमध्ये विक्रीस आली. १२० मिलिमीटर व्यासाच्या, १.२ मिलिमीटर जाडीच्या पॉलिकार्बोनेटच्या चकतीवर अतिसूक्ष्म खळग्यांची एक सर्पिल ओळ असते. तिच्यावर ॲल्युमिनियमचा पातळ परावर्तक थर आणि त्यावर रोगणाचा संरक्षक थर असतो. ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर किरण खालून येऊन परततो. खळगा व सपाटी यांच्या सीमेवर परावर्तनात पडणारा फरक यंत्र टिपते. हे खळगे साच्यात घडविलेले असल्यामुळे ते प्लॅस्टिकच्या शरीराचाच भाग असतात.

लिहिता येण्याजोगी सीडी करावयाची तर घरातील लहानशा लेसरने खळगा पाडणे शक्य नव्हते. ही अडचण जपानमधील तैयो युदेन ह्या कंपनीने १९८८ मध्ये सोडविली. प्लॅस्टिक आणि परावर्तक थर यांच्यामध्ये तिने सेंद्रिय रंजकाचा एक पातळ थर घातला. वाचनाच्या किरणाहून सुमारे दहापट शक्तीचा किरण ह्या थरावर पडला म्हणजे रंजक तापून विघटित होतो, लगतचे प्लॅस्टिकही किंचित विकृत होते आणि तेवढ्या जागेचे परावर्तन घटते. खरा खळगा पडत नाही, परंतु वाचणाऱ्या यंत्राला तेथे खळगा असल्याचा भास होतो. सीडी ‘बर्न’ करणे हा जो शब्दप्रयोग आपल्याकडेही रूढ झाला, तो केवळ आलंकारिक नाही. रंजक तेथे खरोखरच जळतो. ह्या प्रकाराचे प्रमाण १९९० मध्ये निश्चित झाले आणि ज्या ग्रंथात ते ग्रथित आहे त्याला त्याच्या वेष्टनाच्या रंगावरून ‘ऑरेंज बुक’ असे नाव पडले.

कोऱ्या तबकडीवर लेसरला वाट दाखविण्यासाठी आधीच एक सर्पिल चर पाडलेला असतो. हा चर अगदी सरळ नसून ठरावीक रीतीने किंचित डोलणारा असतो. ह्या डोलण्यात तबकडीवरील स्थान, शिफारस केलेली लेखनशक्ती, रंजकाचा वर्ग आणि उत्पादकाचा संकेतांक ही माहिती गुंफलेली असते. कोरी तबकडी अशा प्रकारे संपूर्ण कोरी नसते. तिची जन्मपत्रिका तिच्यावर लिहिलेलीच असते.

प्रारंभी हे साधन सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते. १९९५ मध्ये ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीचे लेखनयंत्र हजार डॉलरांच्या आत मिळू लागले, आणि पुढील काही वर्षांत किमती झपाट्याने उतरून हे यंत्र प्रत्येक संगणकाचा भाग बनले. १९९७ मध्ये पुनःपुन्हा लिहिता येणारी सीडी आली. तीत रंजकाऐवजी अवस्था बदलणारे धातुमिश्रण असते. त्याच वर्षी लेखनक्षम डीव्हीडी आली. २००२ मध्ये डीव्हीडीचे दुसरे, अधिक-चिन्हाचे, प्रमाण प्रचारात आल्याने काही काळ ग्राहकांची चांगलीच गैरसोय झाली, कारण एका प्रमाणाची तबकडी दुसऱ्या प्रमाणाच्या यंत्रावर लिहिता येत नसे.

४. लेखनातील दोष

लेखन फसण्याची कारणे अनेक सांगितली जातात. तथापि लेखनाच्या कोणत्या टप्प्यावर बिघाड होतो हे पाहिल्यास त्यांची व्यवस्थित वर्गवारी करता येते.

प्रारंभीच अपयश येत असल्यास शक्तीच्या जुळणीत दोष आहे असे समजावे. तबकडीच्या आतल्या कडेला एक राखीव पट्टा असतो. लेखनापूर्वी यंत्र तेथे निरनिराळ्या शक्तींचे प्रयोग करून त्या विशिष्ट तबकडीला योग्य ती शक्ती निवडते. सीडीवर अशा शंभर प्रयोगांची सोय केलेली असते. भिंगावर धूळ बसली असेल, लेसर क्षीण झाला असेल किंवा तबकडीचा रंजक यंत्राच्या परिचयाचा नसेल, तर ही जुळणी होत नाही आणि लेखन सुरूच होत नाही. ऑरेंज बुकातील मूळ लेखनरीती सायनिन ह्या रंजकाला धरून बसविलेली होती. थॅलोसायनिन ह्या रंजकाला अधिक आखूड स्पंदनांची आवश्यकता असते. म्हणून यंत्रात निरनिराळ्या तबकड्यांसाठी निरनिराळ्या लेखनरीतींची सूची साठवून ठेवावी लागते. यंत्र जुने आणि तबकडी नवी असेल तर ती सूचीत सापडत नाही. अशा वेळी यंत्राची अंतर्गत आज्ञावली अद्ययावत करणे, भिंग स्वच्छ करणे किंवा दुसऱ्या उत्पादकाची तबकडी वापरणे हे तीन उपाय ह्या क्रमाने करून पाहावेत.

मध्येच लेखन तुटणे हा दुसरा प्रकार होय. १९९० च्या दशकातील वापरकर्त्यांना ह्याच दोषाने सर्वाधिक छळले. सीडीवरील लेखन अखंड चालावे लागते. लेसर एकदा सुरू झाला की संगणकाने त्याला सामग्री पुरवीतच राहिले पाहिजे. पुरवठ्यातील लहानसहान खंड भरून काढण्यासाठी यंत्रात बफर नावाची तात्पुरती स्मृती असते. परंतु चौपट वेगाने लिहिताना प्रत्येक सेकंदास ६,१४,४०० बाइट लागतात, म्हणजे एक मेगाबाइटचा बफर पावणेदोन सेकंदांच्या आतच रिता होतो. तेवढ्या अवधीत संगणक दुसऱ्या कामात गुंतला, तर तबकडी कायमची वाया जाई. २००० मध्ये सान्यो कंपनीने ‘बर्न-प्रूफ’ ही युक्ती काढली. बफर रिता होऊ लागताच लेसर नेमक्या जागी थांबवावयाचा आणि सामग्री आल्यावर त्याच जागेपासून पुढे चालू करावयाचा, असे तिचे स्वरूप होते. इतर कंपन्यांनीही लवकरच तशाच युक्त्या आणल्या आणि हा दोष बहुतांशी इतिहासजमा झाला. मात्र जोड दिल्याची सूक्ष्म खूण तबकडीवर राहते. म्हणून जतनासाठी लिहिताना संगणकावर दुसरे काम न चालविणे आणि सर्व सामग्री आधी संगणकाच्याच डिस्कवर एकत्र करून घेणे हा जुना नियम आजही पाळावा.

शेवटी बिघडणे हा तिसरा प्रकार. लेखन पूर्ण झाल्यावर तबकडी ‘बंद’ करावी लागते, म्हणजे आतल्या कडेला अनुक्रमणिका आणि बाहेरच्या कडेला समाप्तीची खूण लिहावी लागते. ही क्रिया राहून गेल्यास लिहिणाऱ्या यंत्रावर तबकडी उघडते, दुसऱ्या यंत्रावर मात्र ती कोरी भासते. तबकडी वाया गेली असे समजून ती फेकून देण्याचे प्रसंग अनेकदा घडतात. वस्तुतः ती योग्य यंत्रावर नेऊन बंद केल्यास बहुधा वाचता येते. पुनर्लेखनक्षम सीडीची गोष्ट निराळी आहे. तिचे परावर्तन साध्या सीडीच्या मानाने फारच कमी असल्यामुळे जुनी यंत्रे तिला ओळखत नाहीत. तेथे दोष लेखनाचा नसून जातीचा असतो.

ह्या तिन्ही प्रकारांना व्यापून राहणारा प्रश्न वेगाचा आहे. एकपट वेगाने ७४ मिनिटांची सीडी लिहावयास ७४ मिनिटेच लागत. २००३ च्या सुमारास यंत्रांचा वेग ५२ पटींपर्यंत गेला. त्या वेगाला तबकडी मिनिटाला सुमारे १०,००० फेरे घेते. रंजकावर किरण पडण्याचा काळ त्या प्रमाणात घटतो, तबकडीचा किंचितसा असमतोलही कंप उत्पन्न करतो आणि लिहिलेल्या खुणांच्या सीमा अस्पष्ट होतात. ह्यावर ‘जितके संथ तितके चांगले’ असा उपाय सुचविला जातो. परंतु तोही सर्वस्वी खरा नाही. अतिवेगासाठी तयार केलेला पातळ रंजकथर अतिमंद गतीने लिहिल्यास प्रमाणाबाहेर तापू शकतो. तबकडीवर छापलेल्या कमाल वेगाहून बराच कमी, पण किमान नव्हे, असा मधला वेग निवडणे हाच व्यवहार्य मार्ग होय. वेगाचा लोभ हा यंत्राचा दोष नाही. प्रस्तुत लेखकाच्या प्रकरणी निदान हा एक दोष लिहिणाऱ्याचाच होता.

५. रंजक, धातू आणि नाव

आता कोऱ्या तबकडीच्या निवडीकडे वळू. सीडीसाठी मुख्यतः तीन रंजक वापरले गेले. सायनिन हा पहिला. मूळचा निळा असलेला हा रंजक सोन्याच्या थरावर हिरवट दिसे. लेखनशक्तीतील थोडाफार फरक तो सहन करतो, परंतु प्रकाशाने लवकर बिघडतो. म्हणून त्यात पुढे स्थिरता आणणारी द्रव्ये मिसळण्यात आली. थॅलोसायनिन हा दुसरा. तो जवळजवळ रंगहीन असतो आणि प्रकाशापुढे अधिक टिकतो, परंतु लेखनशक्तीच्या बाबतीत काटेकोर असतो. मित्सुबिशी केमिकल कंपनीने वापरात आणलेला गडद निळा अझो हा तिसरा. अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रमाण व तंत्रज्ञान संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तौलनिक परीक्षणात थॅलोसायनिन आणि सोने-चांदीच्या मिश्रणाचा परावर्तक थर असलेल्या सीडी उष्णता, आर्द्रता व प्रकाश यांच्यापुढे सर्वांत स्थिर ठरल्या.

धातूचे महत्त्व रंजकाहून कमी नाही. प्रारंभीच्या तबकड्यांत सोने होते. पुढे स्वस्त आणि अधिक परावर्तक म्हणून चांदी आली. परंतु गंधकाच्या संपर्काने चांदी काळवंडते. इंग्लंडमधील ब्लॅकबर्न येथील एका कारखान्यात १९८८ ते १९९३ ह्या काळात निघालेल्या काही ठशाच्या सीडी चांदी वापरल्यामुळे तांबूस पडून निकामी झाल्या. वेष्टनातील गंधक आणि सदोष रोगण ही त्याची कारणे ठरली. सोने निष्क्रिय आहे, पण महाग आहे. शिवाय सोन्याच्या तबकडीतही रंजक सेंद्रियच असतो, हे विसरता कामा नये.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. सीडीची खालची, चकाकणारी बाजू नाजूक आणि वरची, नावाची बाजू मजबूत असे मानले जाते. वस्तुस्थिती उलट आहे. खालून सव्वा मिलिमीटरच्या आसपास प्लॅस्टिक आहे, आणि त्यावरील ओरखडा बहुधा घासून काढता येतो. वरून मात्र धातू आणि बाहेरचे जग यांच्यात केवळ रोगणाचा पातळ पापुद्रा असतो. बॉलपेनच्या टोकाने त्यावर लिहिल्यास, तीव्र द्रावकाच्या शाईचा मार्कर वापरल्यास, किंवा कागदी चिकटपट्टी लावून ती पुन्हा ओढून काढल्यास सामग्रीच खरवडली जाते. डीव्हीडीमध्ये सामग्रीचा थर दोन चकत्यांच्या मध्ये असल्यामुळे ती ह्या बाबतीत अधिक सुरक्षित आहे. मात्र तिच्यातील खुणा फार बारीक असल्याने धूळ व वक्रता यांचा तिला अधिक त्रास होतो.

निवडीतील सर्वांत मोठी अडचण रसायनाची नसून नावाची आहे. डब्यावरील नाव विकणाऱ्याचे असते, घडविणाऱ्याचे असेलच असे नाही. एकच नामांकित कंपनी एका वर्षी एका देशातील कारखान्याचा, तर पुढील वर्षी दुसऱ्या देशातील कारखान्याचा माल त्याच वेष्टनात विकीत असे. त्यामुळे जाणकार ग्राहक डब्यावरील नावापेक्षा ‘कोठे निर्मित’ ही ओळ आणि तबकडीच्या चरातील उत्पादकाचा संकेतांक पाहू लागले. पुढे काही नकली उत्पादकांनी प्रतिष्ठित कारखान्यांचे संकेतांकही उचलले. भाषाविज्ञानाच्या परिभाषेत बोलावयाचे तर खूण आणि खुणेने दर्शविलेली वस्तू यांचा संबंध येथे यादृच्छिकच नव्हे, तर अविश्वसनीय झाला. ह्याचा निष्कर्ष एवढाच की, नावाची चौकशी अवश्य करावी, परंतु निर्णय परीक्षेवर सोपवावा. एकदम शंभर तबकड्या घेण्यापूर्वी थोड्या घ्याव्यात, आपल्या यंत्रावर लिहून पाहाव्यात आणि त्यांतील चुका मोजाव्यात.

ह्या उद्योगाशी भारताचा संबंध लहानसहान नव्हता. १९८३ मध्ये दिल्लीत स्थापन झालेल्या मोझर बेअर इंडिया ह्या कंपनीने १९९९ मध्ये लेखनक्षम सीडीचे उत्पादन सुरू केले आणि अल्पावधीत ती जगातील मोठ्या उत्पादकांपैकी एक ठरली. भारतातून येणाऱ्या अशा तबकड्यांवर युरोपीय संघाने २००३ मध्ये प्रतिकारी शुल्क बसविले, ह्यावरून तिच्या निर्यातीची कल्पना येईल. ती कंपनी २०१८ मध्ये परिसमापनात गेली.

६. दडलेली जीर्णता

चुका मोजाव्यात असे वर म्हटले. ह्या चुका म्हणजे काय, हे स्पष्ट केले पाहिजे, कारण जतनाच्या प्रश्नाचे मर्म त्यातच आहे. नवी, निर्दोष तबकडी वाचतानाही यंत्राला चुका आढळतच असतात. त्या दुरुस्त करण्यासाठी रीड आणि सॉलोमन यांनी १९६० मध्ये मांडलेल्या गणिती पद्धतीचा आधार घेतलेला आहे. प्रत्येक माहितीबरोबर काही अधिक अंक लिहिलेले असतात आणि त्यांच्या साहाय्याने गळलेले अंक पुन्हा काढता येतात. सीडीवरून सेकंदाला ७,३५० चौकटी वाचल्या जातात. त्यांपैकी सदोष चौकटींचे प्रमाण सेकंदाला २२० च्या, म्हणजे सुमारे तीन टक्क्यांच्या, आत असावे असे प्रमाण सांगते. चांगल्या रीतीने लिहिलेल्या तबकडीत ही संख्या पुष्कळच कमी असते.

ह्या दुरुस्तीचा परिणाम दुहेरी आहे. लाखेची तबकडी झिजू लागली की खरखर वाढते आणि कान वेळीच सावध होतो. सीडी जीर्ण होत असता कानाला काहीही कळत नाही. चुका दहापट वाढल्या तरी दुरुस्तीच्या बळावर आवाज पूर्ववत् स्वच्छच येतो. मर्यादा ओलांडली म्हणजे मात्र तो एकाएकी नाहीसा होतो. जुने साधन आपले दुखणे बोलून दाखवीत असे, नवे साधन शेवटपर्यंत मौन पाळते. त्या बाईंचे कथन असलेली तबकडी कदाचित पहिल्या वर्षीच मर्यादेच्या काठावर असेल. तेव्हा ती ऐकली असती तरी संशय आला नसता. चुकांचे मापन केले असते तरच तो आला असता.

युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ उपक्रमासाठी केव्हिन ब्रॅडली यांनी २००६ मध्ये तयार केलेल्या अहवालाचा रोख हाच होता. लेखनक्षम सीडी व डीव्हीडी, चुकांचे नियमित मापन केल्यावाचून, जतनाचे विश्वसनीय साधन मानता येणार नाहीत, असे त्यात प्रतिपादन आहे. डब्यावर छापलेली शंभर वर्षांची ग्वाही ही तापमान व आर्द्रता वाढवून केलेल्या प्रयोगांवरून बांधलेले अनुमान असते. ती त्या डब्यातील प्रत्येक तबकडीची, आणि कोणत्याही यंत्रावर कशाही रीतीने केलेल्या लेखनाची, हमी नव्हे.

सेंद्रिय रंजकाचा दोष टाळण्याचे प्रयत्नही झाले. अमेरिकेतील युटा राज्यात मिलेनिआटा ह्या कंपनीने खनिजसदृश थरावर लिहिण्याची एम-डिस्क ही तबकडी आणली. ती लिहावयास अधिक शक्तीचा लेसर लागतो. टिकाऊपणाची किंमत लेखनाच्या श्रमात मोजावी लागते, हा वर मांडलेला नियम येथेही खरा ठरतो. ही कंपनी २०१६ मध्ये दिवाळखोरीत गेली, तबकडी मात्र दुसऱ्यांमार्फत विकली जात राहिली. दरम्यान ज्या तैयो युदेन कंपनीने लेखनक्षम सीडी जन्माला घातली, तिने २०१५ च्या अखेरीस हा व्यवसायच सोडला. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्ल्यू-रे तबकड्यांचे उत्पादन थांबविले. तबकडी टिकली तरी ती वाचणारे यंत्र मिळेल काय, असा नवा प्रश्न त्यामुळे उभा राहतो.

७. उपसंहार

येथवरच्या विवेचनावरून प्रारंभीच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. दोष केवळ यंत्राचा नव्हता आणि केवळ तबकडीचाही नव्हता. रंजक, लेसर आणि वेग ह्या तिहींच्या मेळातून लेखन सिद्ध होते आणि तो मेळ प्रत्येक वेळी तपासून पाहावा लागतो. तो न तपासता तबकडीवर विश्वास टाकणे हा खरा दोष होय.

ज्यांच्या कपाटांत अशा तबकड्या अद्याप आहेत, त्यांनी पुढील क्रमाने काम करावे असे सुचवावेसे वाटते. तबकड्या प्रथम सावलीत, कोरड्या जागी, उभ्या ठेवाव्यात. ज्या जुन्या व अनामिक आहेत त्या आधी हाती घ्याव्यात. मऊ सुती कापडाने मध्याकडून कडेकडे सरळ रेषेत पुसाव्यात, गोलाकार पुसू नयेत. एका यंत्रावर न वाचलेली तबकडी दुसऱ्या, शक्यतो निराळ्या बनावटीच्या यंत्रावर मंद गतीने वाचून पाहावी, कारण एकाचा लेसर जेथे अडतो तेथून दुसऱ्याचा पार होतो. हाती आलेली सामग्री किमान दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवावी. प्रत्येक प्रतीची तपासणी-बेरीज, जिला चेकसम म्हणतात, नोंदवून ठेवून ती ठरावीक काळाने मूळ बेरजेशी जुळवून पाहावी.

हा उपदेश नवा वाटला तरी मराठीच्या अभ्यासकांना तो अपरिचित नाही. आपले प्राचीन वाङ्मय शिलालेख-ताम्रपटांवर फार थोडे टिकले. ते मुख्यतः टिकले कागदावर, आणि कागद तर वाळवीचे व दमट हवेचे भक्ष्य. तरीही ते आपल्यापर्यंत आले, कारण पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी त्याच्या प्रती केल्या आणि काहींनी त्या ताडून पाहिल्या. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती अनेक अशुद्ध प्रतींच्या अनुभवानंतरच. ग्रंथ टिकला तो कागदाच्या गुणाने नव्हे, नकलनवीस आणि शोधक यांच्या श्रमाने. तबकडीवरील ध्वनीही तसाच टिकेल. उत्तम तबकडी निवडल्याने आपल्याला थोडा अवधी मिळतो, इतकेच. त्या अवधीत पुढची प्रत करून ती मुळाशी ताडून पाहण्याचे काम अभ्यासकालाच करावे लागते, आणि ते वेळेवर न झाल्यास वहीतील शब्द तेवढे मागे उरतात.